पाणी कुठवर आलंय?

त्र्यंबकच्या बाजूला पाऊस लागून राहिला की नाशिकमध्ये एक प्रश्न घरोघर फिरायला लागतो. "मारुतीला पाणी कुठवर आलंय?" रामकुंडाजवळ नदीपात्रातला दुतोंड्या मारुती म्हणजे आमचं पूर मोजायचं माप. गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीपर्यंत चढलं. गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग सोडला ते आता मोबाइलवर तासातासाला कळतं, पण आकडा ऐकून झाला तरी जुना नाशिककर विचारतो ते मारुतीचंच. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, आणि गंगेचं पाणी मारुतीच्या अंगावर दिसलं की पुढचं सगळं त्याला उमगतं: भांडी बाजारात किती वेळात पाणी शिरेल, सराफ बाजारातल्या कुठल्या गल्लीत आधी शिरेल, कोणाला आत्ता फोन करायचा आणि कोणाला तासाभराने.

२००८, २०१६, २०१९ ही पुराची वर्षं इथे सगळ्यांच्या तोंडी आहेत. त्या दिवसांत सराफ बाजाराकडच्या आमच्या एका नातलगांच्या दुकानी सतत फोन खणखणत. बरेचसे फोन एकाच वळणाचे. "सगळं ठीक ना? काळजी घ्या हं." दुकानातला माणूस गुडघाभर पाण्यात उभं राहून "हो हो, ठीक आहे" म्हणायचा आणि फोन ठेवायचा. एखादाच फोन वेगळा असायचा. "खालच्या खणातल्या वह्या वर घेतल्या का? मागच्या दाराला फळी लावली का? पोराला पाठवू का हात द्यायला, गाडी कुठवर येते?" हा विचारणारा त्या दुकानात कधीतरी नीट बसलेला असायचा. दुकानाला मागचं दार आहे आणि खालच्या खणात वह्या असतात, हे त्याने पाहून ठेवलेलं होतं.

पहिल्या फोनवाल्यांना कळकळ नव्हती असं मी म्हणत नाही. पण माझ्या मनात एक गोष्ट हळूहळू पक्की होत गेली आहे. काळजी कितपत खोल आहे हे तिच्या प्रश्नावरून कळतं. प्रश्न मोघम असेल तर काळजी अजून करणाऱ्याच्याच मनात घुटमळते आहे. प्रश्न नेमका झाला की ती समोरच्या माणसापर्यंत पोचलेली असते.

इंग्रजीत सॉलिसिटस असं एक विशेषण आहे. आजाऱ्याच्या उशापायथ्याशी लक्ष ठेवून असलेली नर्स, पाहुण्याला काय हवं-नको ते बोलण्याआधी ओळखणारा यजमान, अशा माणसांसाठी ते वापरतात. सॉलिसिटर हा आपल्या कानावरून गेलेला शब्दही त्याच घराण्यातला. दुसऱ्याचं काम आपलं म्हणून पुढे रेटणारा माणूस. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ जवळपास 'पुरता हललेला' असा. मन ढवळून निघणं आणि डोळे उघडे ठेवून बघणं या दोन्ही गोष्टी त्या एका विशेषणात मावल्या आहेत. प्रत्यक्ष माणसांत मात्र त्या दोन्ही एकत्र असतीलच असं नाही. काही जण नुसतेच ढवळून निघतात. हा फरक मला घरात बघायला मिळाला.

आई न्हाणीघराच्या उंबऱ्यावर घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, लगेच दुसऱ्या दिवशी धरून उभं केलं, मग वॉकर आला आणि हॉलमध्ये खिडकीपाशी पलंग आला. म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला की डॉक्टरांची घाई चालते ती त्याला उठवायची. अंथरुणाला खिळलं की छातीत कफ धरतो, पायात गुठळी होण्याची भीती असते, पाठीला आणि टाचांना जखमा होतात, म्हणून. हे सगळं आम्हाला समजावून सांगितलं होतं आणि आम्ही ते पाळतही होतो.

आणि भेटायला येणारे. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणं हे कर्तव्य आहे आणि ते असायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. ज्या शहरांत शेजारच्या दारात रुग्णवाहिका येऊन गेल्याचंही कोणाला कळत नाही, तिथे मला राहायचं नाही. आईला भेटायला माणसं आली, शहाळी आणली, मोसंबी आणली, देवाचा अंगारा आणला. पण दुपार कलली की तिचा चेहरा पडलेला दिसायचा. प्रत्येक जण दारातूनच मोठ्याने विचारायचा, "काय म्हणता काकू, कसं वाटतंय आता?" ती मान वळवून म्हणायची, "बरं आहे." मग "व्हाल, व्हाल, ठणठणीत व्हाल, काही होत नाही." मग कोणाच्या तरी सासूचा खुबा, कोणाच्या तरी आत्याचा खुबा, कुठला वैद्य, कुठलं तेल. शेवटी निघताना माझ्या वडिलांना बाजूला घेऊन हळू आवाजात काहीतरी. ते हळू बोलणं आईच्या कानावर पडायचंच, अर्थ तेवढा लागायचा नाही, आणि रात्रभर ती मनाशी चाळत बसायची की माझ्याविषयी काय बोलत होते.

त्याच सुमारास मी फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं 'नोट्स ऑन नर्सिंग' वाचलं. १८५९ सालचं पुस्तक. आपल्याला ती दिवा हातात घेतलेली, क्रिमियाच्या युद्धातली परिचारिका म्हणून शाळेपासून माहीत असते. पण हे पुस्तक तिने लिहिलं ते मुख्यतः घरात कोणा ना कोणाचं दुखणं-खुपणं काढणाऱ्या साध्या बायकांसाठी, आणि लिहिलं तेव्हा ती स्वतः दुखणाईत होती. युद्धावरून परतल्यावर साधारण वर्षभरात तिची प्रकृती ढासळली आणि पुढची कितीतरी वर्षं तिने बरंचसं काम खोलीत, अंथरुणात राहून केलं. त्यामुळे पुस्तकात आजाऱ्याच्या बाजूचं जे लिहिलंय ते नुसतं बघून लिहिलेलं नाही. आजाऱ्याशी त्याच्या पाठीमागून किंवा दारातून बोलू नये, त्याला मान न वळवता दिसेल असं समोर बसावं. त्याच खोलीत कुजबुजणं हा तिच्या मते सरळ क्रूरपणा. पोकळ धीर आणि फुकटचे सल्ले यांवर तर तिने एक वेगळं प्रकरणच लिहिलं आहे. मी ते प्रकरण आईच्या पलंगाशेजारी बसून वाचलं आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या लंडनमधले भेटायला येणारे लोक आमच्या गल्लीतलेच वाटले.

पण मला सगळ्यात भिडलं ते तिचं प्रश्नांविषयीचं म्हणणं. "रात्री चांगली झोप लागली का?" हा प्रश्न ती निरुपयोगी ठरवते. 'चांगली' म्हणजे किती? एकाला सलग दहा तास झोप मिळाली नाही तर रात्र वाईट गेली असं वाटतं, तर दुसरा मधे मधे डुलक्या लागल्या तरी चांगली म्हणतो. तिचा आग्रह असा की विचारायचं ते किती तास झोप लागली आणि रात्रीच्या कोणत्या वेळी. पहिल्या प्रहरी लागून मग उडाली, की पहाटेपर्यंत लागलीच नाही, यावर उपाय वेगवेगळे असतात. आणि हे सगळं निरीक्षण माहितीचा ढीग लावायला नाही, जीव वाचावा आणि माणसाला आराम पडावा यासाठी आहे, हेही ती बजावून सांगते.

हे वाचताना मला सारखा मामा आठवत होता. मामाने नाइटिंगेलचं नाव ऐकलं असेल-नसेल. निफाड तालुक्यात त्याची द्राक्षाची बाग आहे.

द्राक्षाचं पीक काय असतं हे बाहेरच्या माणसाला फेब्रुवारीतल्या पाटीवरून कळत नाही. वर्षातून दोन छाटण्या. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, तेव्हा काडी तयार करायची. मग सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी, तेव्हा फळ धरायचं. गोडी छाटणी झाली की डोळे फुटतात, पोंगा येतो, घड दिसायला लागतात, फुलोरा येतो, आणि तेव्हापासून माणसाचं आभाळाकडे बघणं सुरू होतं. फुलोऱ्यात पाऊस झाला तर गळ आणि कुज. धुकं पडलं, पानं ओली राहिली तर डाऊनी, म्हणजे पानांवरचा बुरशीचा रोग. पुढे मण्यात पाणी उतरल्यावर अवकाळी आला तर मणी तडकणार. आणि निफाडची थंडी तर सगळ्या महाराष्ट्राच्या बातम्यांत असते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा किती उतरला ते पेपरात छापून येतं त्या पहाटे मामा बागेत शेकोट्या पेटवून उभा असतो, ठिबकचं पाणी सोडत असतो, जमिनीतली ऊब टिकावी म्हणून.

दिवाळीच्या आगेमागे मी तिकडे गेले की सकाळी त्याच्याबरोबर बागेत चक्कर मारते. तो सगळ्या बागेत फिरत नाही. जिथे हवा कोंडते, ऊन उशिरा पोचतं, जमीन ओली राहते अशा ठरलेल्या जागा असतात, तिकडे आधी जातो. एखादं पान देठाशी धरतो आणि वरून बघून सोडून देत नाही. उलटं करतो, उन्हाकडे धरतो, डोळ्यांजवळ नेतो. डाऊनीचा डाग वरून नुसता पिवळट, तेल सांडल्यासारखा दिसतो. खरी गोष्ट खालच्या बाजूला असते, पांढरी बुरशी. आणि डाग दिसतो तेव्हा रोग आत शिरून काही दिवस झालेले असतात. शंका आली तर तो ते पान तोडतो, घरी आणतो, ओल्या फडक्याबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर ठेवतो. सकाळी खालून पांढरं दिसलं तर रोग जिवंत आहे. नाही दिसलं तर तो डाग जुना आहे, आधीच्या फवारणीने मेलेला. हे एवढं पान त्याला सांगतं की आज फवारणीचा ब्लोअर काढायचा की नाही.

"शेजाऱ्याने मारलं म्हणून आपण मारायचं, असं बऱ्याच जणांचं चालतं," तो एकदा म्हणाला होता. "भीती वाटती ना. पण बागंला काय झालंय ते तर बघ आधी."

द्राक्षात जास्तीची काळजी लपत नाही. निर्यातीच्या बागेतले नमुने काढणीआधी प्रयोगशाळेत जातात, औषधाचा उरलेला अंश तपासतात. मण्यावर जेवढं चालतं त्याहून जास्त निघालं तर माल बाहेर जात नाही. भीतीपोटी मारलेली फवारणी तिथे आकड्यात उतरते. माणसांच्या बाबतीत अशी प्रयोगशाळा नाही, पण अंश उरतो. ज्या आजाऱ्याला घरचे दर तासाला "आता कसं वाटतंय?" विचारतात, तो काही दिवसांनी त्यांच्या समाधानासाठी उत्तरं द्यायला लागतो. त्यांचा चेहरा उतरू नये म्हणून "बरं आहे" म्हणतो. म्हणजे आजारी माणसाने धडधाकट माणसांची काळजी वाहायची! आईचं तेच होत होतं.

मामा आला तो सप्टेंबरात, छाटणीच्या आधी. घरात दोन-तीन पाहुणे बसलेले होते. तो आल्या आल्या काही बोलला नाही. खुर्ची ओढून पलंगाच्या पायथ्याकडे, आईला सरळ दिसेल अशी ठेवली आणि बसून राहिला. लोक बोलत होते, तो बघत होता. पाहुणे गेल्यावर म्हणाला, "आक्का, उजव्या टाचंला झोंबतं का गं?"

आई म्हणाली, "तुला कसं कळलं?"

चादरीखाली ती एकच पाय सारखा सरकवत होती, ते त्याने पाहिलं होतं. त्याने चादर बाजूला केली. टाच खालून लाल झालेली होती. बोटाने दाबलं तर लाली जात नव्हती. उलटी करून, खालून बघायची ती जागा. मी लगेच नर्सबाईंना फोन केला. त्यांनी सांगितल्याप्रमाणे पोटरीखाली उशी सरकवली, टाच अधांतरी राहील अशी, आणि ती जखम होण्याआधीच थांबली.

मग त्याने दुसरा प्रश्न विचारला. मला खोलीबाहेर जायला सांगितलं नाही, पण आवाज खाली आणला. "पाणी कमी पितेस ना? उठाया लागतं म्हणून?"

आई काही वेळ बोलली नाही. मग हो म्हणाली. रात्री कोणाला उठवायचं, आधाराला कोणाला हाक मारायची, याची तिला लाज वाटत होती. म्हणून संध्याकाळनंतर ती पाण्याचा घोटही घेत नव्हती. तोंड कोरडं पडायचं, पोट साफ होत नव्हतं, डोकं दुखायचं, आणि आम्ही सगळे ते औषधांमुळे असेल म्हणत होतो. "पाणी पीत जा गं आई" हे घरातलं प्रत्येक माणूस रोज म्हणत होतं. ती का पीत नाही हे मामाने विचारलं. त्या दिवसापासून दिवसा पाणी वाढवलं, रात्रीसाठी पलंगाशेजारी खुर्चीचा कमोड आणला आणि उशाला एक घंटी ठेवली, पूजेतली. ती वाजवायला तिला संकोच वाटत नव्हता.

मला त्यात खूप महत्त्वाची वाटते ती त्याची वेळ. लोक असताना तो टाचेबद्दल बोलला नाही, लघवीबद्दल तर नाहीच. नेमका प्रश्न चारचौघांत विचारला की त्याचा पंचनामा होतो. आणि दुसरं, त्याच्या प्रत्येक प्रश्नानंतर काहीतरी बदललं. उशी हलली, कमोड आला. "औषध घेतलंस का, घेतलंस का" हाही तसा नेमका प्रश्नच आहे, पण तो दिवसातून दहादा विचारणाऱ्याला उत्तराचं काही करायचं नसतं. त्याला स्वतःची धाकधूक शमवायची असते.

आपल्याकडे एक वाक्य फार चालतं: "काही लागलं तर सांगा." मी ते वाईट म्हणणार नाही, बोलणाऱ्याचा भाव चांगलाच असतो. पण विचार करा, यात सगळं काम कोणावर पडलं? ज्याच्या घरी आजारपण आहे त्याने आधी ठरवायचं काय लागतंय, मग कोणाला सांगायचं ते ठरवायचं, मग भीड मोडून फोन करायचा. आम्ही एकालाही फोन केला नाही. समोरच्या इमारतीतल्या एक ताई मात्र पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळचा डबा मी देते. आईंना भाकरी मऊ लागते का कडक? मिरची चालते?" त्यांना नाही म्हणायची जागाच नव्हती आणि हो म्हणायला त्रास नव्हता. इतक्या साध्या गोष्टीने घरातल्या दोन संध्याकाळी मोकळ्या झाल्या.

आणि "जेवलीस का?" या प्रश्नाबद्दल मला एक बोलायचंच आहे. नव्या पोरांना तो जुनाट वाटतो, आई फोनवर दुसरं काही विचारतच नाही म्हणून ती वैतागतात. मला तो प्रश्न फार आवडतो. त्याला मोघम उत्तर देता येत नाही. जेवले की नाही, कधी, काय, एकटीने की कोणाबरोबर. पोळी-भाजी की मॅगी. एवढ्या चार उत्तरांत दूर राहणाऱ्या मुलीचा दिवस कसा गेला ते कळतं. ज्या बायकांनी हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला त्यांना काय बघायचं ते बरोबर माहीत होतं.

आता गंगापूर रोडला, इंदिरानगरला, कुठेही बघा, इमारतीगणिक दोन-चार घरं अशी आहेत जिथे म्हातारे आईवडील एकटे आणि मुलं पुण्याला, बंगळुरूला, परदेशात. काळजी फोनवरूनच करायची आहे. आमच्या ओळखीतला एक मुलगा आईला व्हिडिओ कॉल करतो तेव्हा म्हणतो, "जरा स्वयंपाकघरात जा ना बोलत बोलत." ती चालताना पाय कसा टाकते, कशाला धरते, ओट्यावर काय आहे, सगळं त्याला दिसतं. मग त्याचा प्रश्न येतो, "आज लिफ्टने उतरलीस की जिन्याने?" आणि माऊली भरभरून बोलायला लागते, गुडघ्यापासून ते जिन्यात भेटलेल्या शेजारणीपर्यंत.

मामाच्या त्या भेटीतलं अजून एक सांगायचं राहिलं. चहा झाल्यावर आईने त्याला विचारलं, "छाटणी कधी घेतोस?" मी मधे पडणार होते, तिला आता कशाला त्या विवंचना म्हणून. पण मामा खुर्ची अजून पुढे ओढून बसला आणि त्याने सगळं खरंखरं सांगितलं. लवकर छाटली तर माल लवकर येतो, भाव बरा मिळतो, पण फुलोरा पावसात सापडायची भीती. मागच्या वर्षी खालच्या तुकड्यात घड कुजले होते तेही सांगितलं, किती गेले ते सांगितलं, औषधांची उधारी किती झाली तेही. आई त्या घरची लेक आहे, तिला ती जमीन पाठ आहे. पडल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी तिच्याकडून काही घेत होतं. ती कोपरावर रेलून अर्धी उठून बसली.

"सगळी एकदम नको छाटू," ती म्हणाली. "वरचा तुकडा आधी घे, तिथं वारं खेळतं. खालचा पंधरा दिवस मागं ठेव."

मामा म्हणाला, "मजुरांची टोळी दोनदा आणाया लागंल."

"मग आण दोनदा."

यंदा त्याने तसंच केलंय.